अण्णांच्या गाडीतला हुक

फोन आला तेव्हा माझ्या हातात काळाकुट्ट झालेला प्लग होता आणि तोंडात शिवी होती. शिवी प्लगला नव्हती, दत्तारामला होती. सकाळीच एक गिऱ्हाईक येऊन सांगून गेलं होतं, की तुम्ही चार दिवस जी गाडी उघडून बसलात, तिचं दुखणं रोह्याच्या दत्तारामने गाडीत नुसतं बसून सांगितलं. दुपारपर्यंत मी तेच चघळत होतो. माझं गॅरेज पेणला, गणपतीच्या कारखान्याला लागून, आणि माझा फोन म्हणजे कारखान्याचाच फोन. तिथे रंगकाम करणारी शेवंताबाई हातातला ब्रश तसाच धरून आली आणि म्हणाली, "वसंतशेट, रोह्यावरना फोन हाय. तुमचा साडू गेला म्हंतात." मी म्हटलं, "कुठे गेला?" ... खरंच तसंच विचारलं मी. ती हातातला ब्रश फडक्याला पुसत राहिली, तेव्हा समजलं. जेवून उठला, हात धुवायला मोरीकडे गेला आणि तिथेच खाली बसला. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. रोह्याच्या एका साप्ताहिकाच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा, असं मला सांगितलंय. त्याच्याबद्दल चांगलं बोलणारे अष्टमीच्या पुलापासून वरसेपर्यंत घरोघर सापडतील, मला का विचारलं कोण जाणे. मी त्याचा साडू आणि धंदाही तोच, म्हणून असेल. माझी सुलभा थोरली, त्याची निर्मला धाकटी, सख्ख्या बहिणी. मी पेणचा मेकॅनिक, तो रोह्याचा. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं हे मला कळतं, पण मी लिहायला बसलो तर खरंच लिहिणार. मी दत्तारामवर जळत होतो. एक-दोन दिवस नव्हे, त्याचं लग्न झालं तेव्हापासून.

जळण्यासारखं काय होतं? दिसायला काडीपैलवान, बोलायला मवाळ, शिक्षण माझ्याइतकंच. धाटावच्या कंपनीत फिटर होता, शिफ्टला कंटाळला आणि पुलापलीकडच्या अष्टमी गावात पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं. मी पनवेलला सात वर्षं उस्तादाच्या शिव्या खाऊन इंजिन शिकलो. आणि हा? गाडी आली की बॉनेटला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "तुम्हीच चालवा, मी बसतो बाजूला. खांबला जाऊन चहा पिऊन येऊ." कोलाडवरून हायवेला लागून खांब गावापर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. वाटेत हा डोळे मिटून बसलेला. परत आला की सांगणार, तिसऱ्या प्लगला ठिणगी कमजोर आहे, किंवा मागचं चाक धरतंय. आणि तसंच निघायचं. लोक म्हणायचे, दत्तारामला कान आहे. मी म्हणायचो, झोप आहे. चहा फुकट आणि झोप फुकट. माझ्या गॅरेजात बसून माझे मित्र यावर हसायचे, आणि मग त्यांच्याच गाड्या बिघडल्या की गुपचूप रोह्याला न्यायचे.

पण गिऱ्हाइकांचं मला एवढं नव्हतं. माझ्या पोटात दुखायचं ते अण्णांपायी. अण्णा म्हणजे आमचे सासरे. ते गणपतीचे डोळे आखतात. पेणला मूर्ती घडवणारे पुष्कळ, रंगवणारे त्याहून पुष्कळ, पण डोळ्यांचं काम सगळ्यांच्या हातचं नसतं. हमरापूर-जोह्यापर्यंतच्या कारखान्यांत मूर्ती रंगून ओळीने उभ्या असतात आणि अण्णांची वाट बघत असतात. त्यासाठी त्यांनी फार पूर्वी एक सेकंडहँड गाडी घेतली, पांढरी, जुन्या घडणीची, दार लावताना खांदा लावावा लागतो अशी. त्यांच्याबरोबर कायम एक खाकी पिशवी असते. तिच्यात ब्रशांसाठी शिवलेले कप्पे, तळाशी रंगाच्या काचेच्या बाटल्या. ब्रशाचं टोक दबलं तर बुबुळ बिघडतं, म्हणून पिशवी कधी आडवी ठेवायची नाही, कुणाच्या हाती द्यायची नाही, गाडीत सोडून तर उतरायचंच नाही. एकट्या सासूबाईंना मुभा होती. त्या बाजूच्या सीटवर पिशवी मांडीवर उभी धरून बसायच्या आणि अण्णा चालवायचे. पेणमध्ये हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

मला एकच गोष्ट हवी होती. अण्णांनी ती गाडी माझ्याकडे आणावी, आणि मी हात लावला म्हणून ती बरी झाली असं त्यांनी म्हणावं. ज्या माणसाच्या बोटांपुढे अख्खं गाव गप्प उभं राहतं, त्याने आपल्या बोटांना बरं म्हणावं, एवढंच. माझ्या बापाने मला कधी म्हटलं नाही, म्हणून असेल. अण्णा मला 'वसंतराव' म्हणायचे, 'अहो, बसा' म्हणायचे. दत्तारामला 'अरे दत्ता'. तो आला की 'अरे, आत ये की, दारात काय उभा' ... आणि मी थोरला जावई ओटीवरच्या खुर्चीत पाहुण्यासारखा चहा पीत बसलेला. दिवाळीला दोघांना सारखंच धोतर-उपरणं मिळायचं, पण दत्ताराम स्वयंपाकघरात जाऊन करंज्या खायचा आणि माझ्यासाठी ताटली बाहेर यायची.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. सासूबाई त्या वर्षी पावसाळ्याआधी गेल्या. त्यानंतर दोनेक महिन्यांनी अण्णा गाडी घेऊन माझ्या दारात. "वसंतराव, उभी केली की थरथरते. पेट्रोल तर पितेच आहे नुसती. लिटरला बारा जायची, आता आठसुद्धा जात नाही." मला आतून उकळ्या फुटल्या. आली, शेवटी माझ्याकडे आली. अण्णा पिशवी घेऊन उतरले, स्टुलावर बसले, पिशवी पायांशी उभी. मी बॉनेट उघडलं. इंजिन क्षणभर अडखळलं, आणि मग शिवणयंत्रासारखं सुरळीत चालू लागलं. अण्णा म्हणाले, "आत्ता येईपर्यंत तर थरथरत होती हो." दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते, तसलं काम. मी प्लग काढले. चारही काजळीने काळे. म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, हे आंधळाही सांगेल. मी कार्बोरेटर उतरवला, जेट धुतले, फ्लोटची पातळी लावली, सुई बदलली, एअर फिल्टर नवा घातला. पॉइंट घासले, टॅपेट लावले, टायमिंग बघितलं. आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालतं त्या वेगाचा, स्क्रू मी असा लावला की बॉनेटवर ठेवलेल्या कपातला चहा हलेना. मग शेजारच्या कारखान्यातून पीतांबराचा पिवळा रंग आणून त्या स्क्रूवर एक ठिपका दिला. माझी सवय आहे ती, कुणी मागाहून छेडछाड केली तर कळावं म्हणून. अण्णांनी कपाकडे बघितलं. "छान," म्हणाले. तो 'छान' मी पाच दिवस पुरवून खाल्ला.

सहाव्या दिवशी गाडी परत आली. थरथरत आली, म्हणाले. माझ्यासमोर पुन्हा सुरळीत. प्लग पुन्हा काळे. मी पुन्हा सगळं उघडलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा कार्बोरेटरच दुसरा घातला, पेट्रोलचा पंप बदलला, कॉम्प्रेशन मोजलं, रात्री स्वप्नात गॅस्केटं बघितली. चौथ्यांदा अण्णांनी विचारलं, "वसंतराव, तुम्हाला वेळ नसेल तर राहू दे." इतक्या मायेने म्हणाले, की त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी चिडून म्हटलं, "अण्णा, माझ्यासमोर गाडी नीट चालते. तुम्ही चालवण्यातच काहीतरी चुकताय." सासऱ्याला. सुलभाने हे ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आणि त्या रविवारी अण्णा गाडी घेऊन नागोठण्यावरून रोह्याला गेले. पेणचा माणूस, राहतो माझ्या गॅरेजपासून चार पावलांवर, आणि गाडी दाखवायला अष्टमीला.

संध्याकाळी परत आले ते हसतमुख. गाडी माझ्या दारावरून गेली, आवाज गुळगुळीत. पुढच्या आठवड्यात सुलभाकडून कळलं की गाडी पुन्हा बारा देते. कशी सुधारली, कुणी सांगेना. दत्ताला विचारा, एवढंच. एका दुपारी अण्णा घरात झोपले होते, गाडी दारात उभी होती. मी चोरासारखा गेलो आणि बॉनेट उघडलं. पिवळा ठिपका जागच्या जागी. माझी सुई, माझे जेट, माझा कार्बोरेटर, मी आवळलेला एकेक नट जसाच्या तसा. त्याने कशालाच हात लावला नव्हता. मी बॉनेट आपटलं आणि घरी आलो. मला जेवण गेलं नाही. त्याने सगळं बदलून गाडी सुधारली असती तर मी गिळलं असतं, पण याने काहीच केलं नव्हतं, आणि गाडी सुधारली होती.

पुढे गणपतीत भेटला तेव्हा मी सरळ विचारलं, "काय केलंस रे त्या गाडीला?" तो मोदक मोडत म्हणाला, "काय नाय रे दादा. तू केलंवतंस तेच बरोबर होतं. मी नुसता खांबपर्यंत बसून आलो." मी मनात म्हटलं, मेला धंद्यातलं गुपित सांगत नाही. मोठा शहाणा. त्या दिवशी मी शपथ घेतली की पुन्हा त्या गाडीत बसणार नाही. लग्नाकार्याला सगळे त्या गाडीतून जायचे आणि मी मागून स्कूटरवर, तोंडावर धूळ घेत. मुलं विचारायची, बाबा आपल्याबरोबर का येत नाहीत. सुलभा सांगायची, त्यांना वारा आवडतो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी दत्ताराम स्वतःहून पेणला आला. नागोठण्याला हायवेच्या बाजूला एक गाळा बघितला होता त्याने. "दादा, आपण दोघं मिळून गॅरेज काढू. इंजिन उघडण्यात तुझा हात माझ्याहून साफ हाय. मला तसं जमत नाय. मी गिऱ्हाइकाबरोबर बसंन, काय दुखतं ते विचारीन. तू बघ." मी म्हटलं, "म्हणजे हात मी काळे करायचे आणि चहा तू प्यायचास?" तो हसला, त्याला वाटलं मी मस्करी केली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "नाय तर नाय," म्हणाला, "पन विचार करून ठेव." मी विचार केला नाही. बोर्डावर आधी नाव कुणाचं, एवढाच विचार केला. तो गाळा पुढे कुणीतरी घेतला, तिथे आता टायरचं दुकान आहे. रोह्याला जाताना मी त्या बाजूला बघत नाही.

दत्ताराम गेल्यावर अण्णा तेरा दिवस वरसेला निर्मलाच्या घरी राहिले. चौदाव्या दिवशी त्यांना आणायला मी एसटीने गेलो, कारण गाडी त्यांच्याजवळच होती. निघताना निर्मला मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे दत्तारामचा कंपनीतला निळा शर्ट अजून खुंटीवर होता. तिने मला बसायला सांगितलं आणि म्हणाली, "भावोजी, एक सांगू? ह्यांना तुमचा फार हेवा वाटायचा." मला वाटलं माझी ऐकण्यात गल्लत होतेय. "म्हणायचे, अण्णा दादाला कसे वसंतराव म्हणतात, खुर्ची देतात, समोर पाय पसरून बसत नाहीत. मला आपलं अरे दत्ता, जरा नळ बघ, अरे दत्ता, नारळ सोल. मी धाकटा तो धाकटाच राहणार." ती हे सांगताना हसली आणि मग पदर तोंडाला लावला. मी शर्टाकडे बघत बसलो. इतकी वर्षं तो स्वयंपाकघरात करंज्या खाताना माझ्या खुर्चीकडे बघत होता, आणि हे मला कुणी सांगितलं नाही ... सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता, ही गोष्ट वेगळी.

अण्णा गाडीत बसले. मी म्हटलं चालवतो, तर नको म्हणाले. मग मी बाजूच्या सीटवर बसलो. सासूबाई गेल्यापासून त्या गाडीत मी पहिल्यांदाच बसत होतो. सासूबाई बसायच्या ती जागा, म्हणून मी आपोआप पिशवीसाठी हात पुढे केले. अण्णांनी माझ्या हातांकडे बघितलं, आणि पिशवी माझ्या गुडघ्यांसमोर डॅशबोर्डखाली एका पितळी हुकाला अडकवली. चांगला जाड, घरात पाळण्याला लावतात तसला हुक. हात मागे घेताना मला कानशिलं गरम झाल्याचं कळलं. पुलावरून अष्टमी मागे टाकली, दत्तारामची शेड बंद दिसली. नागोठण्याच्या जरा अलीकडे मी विचारलं, "हा हुक कुणी लावला?"

"दत्ताने." अण्णांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "ही गाडी थरथरायची ना, तेव्हा. मी त्याच्याकडे नेली, तर म्हणाला, चला अण्णा, खांबला चहा घेऊ. बाजूला बसला. निम्म्या वाटेत म्हणाला, अण्णा, पिशवी कुठे अडकवलीय बघा." आणि अण्णांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून चोकचं बटण दाखवलं. गाडी थंड असताना सुरू करायला ओढतात ते बटण. ते ओढलं की इंजिनाची हवा कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं, मग बटण परत आत ढकलायचं असतं. सासूबाई गेल्यावर पिशवी धरायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून अण्णा ती त्या बटणाला अडकवत होते. बाटल्यांच्या वजनाने बटण हळूहळू बाहेर यायचं. गाडी धूर ओकायची, थरथरायची, पेट्रोल प्यायची. आणि माझ्या दारात उतरताना अण्णा पिशवी उचलायचे, की स्प्रिंगने बटण आत. चार वेळा गाडी आली, चार वेळा पिशवी माझ्यासमोर स्टुलाशी उभी होती, आणि मी एकदाही त्यांच्या बाजूला बसून गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो नाही.

"मला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. अण्णा म्हणाले, "दत्ता म्हणाला, दादाला सांगू नका. त्याने सगळं चोख केलंय, असा कार्बोरेटर मला लावता आला नसता. ही पिशवीची गोष्ट कळली तर तो स्वतःला खात बसेल. आणि मलाही लाज वाटत होती हो वसंतराव. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं, माझ्या चालवण्यातच चुकत होतं." मी खिडकीबाहेर बघू लागलो. वाटलं होतं की आता तरी पोटातली आग विझेल. नाही विझली. कानाचा हेवा होता तोवर ठीक होतं, कान जन्मतः असतो, आपण काय करणार. पण शेजारी बसायला काय लागतं? आणि बसून जे दिसलं ते पाच वर्षं पोटात ठेवायला काय लागतं? मी असतो तर पेणच्या बाजारात ओरडून सांगितलं असतं. त्याने सांगितलं नाही, याचाही मला हेवा वाटला, आणि तो आता कुणावर काढायचा ते कळेना. मी रडलो. अण्णांनी गाडी जरा हळू केली, बाकी काही नाही.

परवा अण्णा माझ्या गॅरेजसमोर येऊन उभे राहिले. गाडी चालू, आवाज स्वच्छ. खाली उतरले, पिशवी काखेत. "वसंतराव, तो हुक सैल झालाय. पिशवी हलते. तेवढा आवळून द्या." मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सासूबाईंच्या जागेवर जाऊन बसलो. अण्णा दाराला धरून वाकून बघत होते. दत्तारामच्या हुकाची सोय करायला आले होते, की गाडी एकदा माझ्याकडे आणायची म्हणून आले होते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. स्क्रूच्या खाचेत टोक बसवलं आणि फिरवलं. फिरेना. जोर लावला. कणभरही हलला नाही. हुक भिंतीत बांधल्यासारखा गच्च होता, त्याने बसवला त्या दिवसासारखा. मी हात दोनदा उगाच फिरवला.

"होय अण्णा," मी म्हटलं, "सैल होता. बुधवारी पुन्हा घेऊन या. मी बाजूला बसतो, खांबपर्यंत जाऊन बघू."